विमानवाहू नौका आपण बांधली, मग तिचं इंजिन बाहेरचं का?

प्रश्न असा आहे: "आयएनएस विक्रांतचं डिझाइन आपलं, पोलाद आपलं, ती बांधलीही कोचीनला. मग तिची गॅस टर्बाइन्स अमेरिकन कशी? आपल्याला इंजिन जमत नाही, की ते जमवायचंच नाही?" विचारणारा मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि नौदलाच्या इंजिनिअरिंग शाखेत जावं का, असाही त्याचा जोडप्रश्न आहे. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत, म्हणजे नौदलाच्या इंजिनिअरिंग संस्थेत, शिकून माझी उमेदीची वर्षं इंजिन रूममध्ये आणि गोदीत गेली, त्यामुळे उत्तर त्याच बाजूने देतो. जरा लांब होईल.

आधी थोडक्यात सांगतो. जहाजाचं इंजिन कागदावर काढणारे लोक आपल्याकडे आहेत. पण इंजिन कागदावर सिद्ध होत नाही. ते हजारो तास चालवावं लागतं, मोडावं लागतं, का मोडलं ते उघडून पाहावं लागतं आणि पुन्हा चालवावं लागतं. या तासांचे पैसे कोणी द्यायचे आणि इंजिन तयार झाल्यावर ती घेणार किती, या दोन प्रश्नांपाशी आपली गाडी अडकली आहे. जहाजाच्या सांगाड्याला हे दोन प्रश्न तितके छळत नाहीत, म्हणून सांगाडा आधी आपला झाला.

आता टक्केवारीबद्दल, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. विक्रांत 76 टक्के स्वदेशी आहे असं आपण वाचतो. ते खरं आहे. नौदलात जहाजाचे तीन भाग पाडून बोलायची पद्धत आहे: तरंगणारा भाग, चालवणारा भाग आणि लढणारा भाग. तरंगण्यात आपण नव्वदीत पोचलो आहोत, चालण्यात साठीच्या आसपास आणि लढण्यात पन्नाशीच्या, असे आकडे नौदलाकडून गेली बरीच वर्षं सांगितले जातात. पण ही टक्केवारी किमतीची असते. कुठली वस्तू नसली तर जहाज धक्क्यालाच उभं राहील, हे तिच्यातून कळत नाही. विक्रांत सुमारे 45,000 टनांची, 262 मीटर लांबीची. तिला ढकलतात चार एलएम 2500 टर्बाइन्स, मिळून 88 मेगावॉट. अख्ख्या जहाजाच्या खर्चात या चार यंत्रांचा वाटा किरकोळ दिसतो. त्यांची जुळणी आणि चाचणी हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा बेंगळुरूचा विभाग करतो, म्हणजे हातही आपलेच लागतात. पण आतलं पातं कुठल्या मिश्रधातूचं आणि त्यावर लेप कसला, हे आपल्या हातात नाही.

पोलादाचं उदाहरण आधी घेऊ, कारण तिथे आपण जिंकलो आणि का जिंकलो हे पाहण्यासारखं आहे.

युद्धनौकेचं पोलाद आपण पूर्वी रशियाकडून आणत असू. विक्रांतसाठी एप्रिल 2005 मध्ये पोलाद कापायला सुरुवात झाली, तेव्हा तिकडून पुरवठ्याची खात्री राहिली नव्हती. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने, म्हणजे डीएमआरएलने, नौदल आणि सेल ही सरकारी पोलाद कंपनी यांच्यासोबत डीएमआर 249ए हे पोलाद तयार केलं. उड्डाणपट्टीसाठी त्याचा जास्त ताकदीचा भाऊ, 249बी. विक्रांतला मिळून सुमारे 30,000 टन लागलं आणि ते सेलच्या बोकारो, भिलाई आणि राउरकेलाच्या कारखान्यांतून आलं.

या पोलादाची एक चाचणी उणे 60 अंश सेल्सिअसला घेतात. विद्यार्थी हमखास विचारतात, अरबी समुद्रात उणे 60 कुठून आणायचं? मुद्दा थंडीचा नाही. पाण्याखाली सुरुंग किंवा टॉर्पेडो फुटला की पोलादावर ताण इतक्या वेगाने येतो की एरवी वाकणारा धातू काचेसारखा तडकू शकतो. वेगाने आलेला ताण आणि कडाक्याची थंडी, दोन्ही धातूला त्याच ठिसूळपणाकडे ढकलतात. म्हणून प्रयोगशाळेत थंडी देऊन स्फोटाच्या वेळच्या वागणुकीचा अंदाज घेतात. शिवाय नुसती प्लेट बनवून भागत नाही. तिला जोडणारे वेल्डिंग इलेक्ट्रोड आणि कण्यासारख्या बसणाऱ्या लांब बल्ब बार पट्ट्याही त्याच दर्जाच्या लागतात. प्लेट तयार आहे पण बल्ब बार नाहीत म्हणून काम खोळंबलं, हेही विक्रांतच्या बांधणीत झालं.

तरी जमलं. कारण एकदा मिश्रण बसलं की सेलची मोठी भट्टी हजारो टन पोलाद ओतते आणि पुढच्या प्रत्येक जहाजाला तेच लागतं. मागणी भरपूर, आणि नमुन्यांच्या चाचण्या काही आठवड्यांत उरकतात. शिवाय सांगाड्याचं डिझाइन आपल्याकडे आधीपासून होतं. नौदलाची डिझाइन शाखा 1964 पासूनची. माझगाव डॉकमध्ये ब्रिटिश लिअँडर वर्गावरून बांधलेली पहिली निलगिरी 1972 मध्ये दाखल झाली. त्याच घराण्यातून वाढवलेल्या गोदावरीवर 1983 मध्ये दोन सी किंग हेलिकॉप्टरं बसवली, तेव्हा त्या आकाराच्या जहाजावर हे झेपेल का म्हणून बाहेरच्या लोकांनी भुवया उंचावल्या होत्या. म्हणजे सांगाड्यामागे पन्नासेक वर्षांची सलग वही आहे. इंजिनाची वही मात्र अधूनमधून फाटत गेली. वाफेच्या जहाजांच्या काळात टर्बाइनचं थोडं काम देशात होऊ लागलं होतं. मग जगाने वाफ सोडून गॅस टर्बाइन धरलं आणि आपण पुन्हा पहिल्या पानावर आलो.

आता मूळ दुखण्याकडे येतो.

एलएम 2500 मुळात विमानाचं इंजिन. मोठ्या मालवाहू विमानांसाठी बनवलेलं यंत्र जीई या अमेरिकन कंपनीने समुद्रासाठी बदललं आणि 1970 च्या दशकापासून ते जगभरच्या युद्धनौकांवर आहे. त्याच्या शक्ती देणाऱ्या टर्बाइनचा वेग मिनिटाला साधारण 3,600 फेरे. एका यंत्रातून 22 मेगावॉट. अनेक देशांच्या नौदलांत मिळून लाखो तास चाललेलं आहे हे. कुठलं पातं किती तासांनी थकतं, कुठल्या बेअरिंगची आधी तक्रार येते, हे त्या कंपनीला दुसऱ्यांच्या खर्चाने कळलेलं आहे. तुम्ही आज तशाच क्षमतेचं नवं इंजिन बनवलंत, तरी ही माहिती तुमच्याकडे नसते, आणि ती विकतही मिळत नाही.

त्यात समुद्र. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर कोरडी, स्वच्छ हवा घेतं. जहाजाचं टर्बाइन लाटांच्या तुषारातली हवा घेतं. हवेतलं मीठ आणि इंधनातला गंधक यांच्यापासून गरम पात्यांवर सोडियम सल्फेट बसतं. ते 884 अंशांना वितळतं. वितळलं की पात्यावरचा संरक्षक थर विरघळवून टाकतं आणि मग खालचा निकेलचा मिश्रधातू पोखरला जातो. आम्ही याला हॉट करोजन म्हणतो. म्हणून हवा आत घेणाऱ्या डक्टमध्ये तीन टप्प्यांची गाळणी असते: आधी मोठे थेंब वळणावर फेकून द्यायचे, मग बारीक थेंब जाळीवर एकत्र करायचे, मग तेही फेकायचे. एवढं करूनही कंप्रेसरच्या पात्यांवर मिठाचा लेप चढतोच, ताकद घसरते, आणि मग शुद्ध पाण्याने धुलाई. बोरोस्कोप, म्हणजे बारीक नळीतला कॅमेरा, आत घालून पाती तपासणं हे इंजिन रूममधल्या तरुण अधिकाऱ्याचं नेमाचं काम. कॅमेऱ्याच्या प्रकाशात पात्याच्या कडेला हिरवट, सुजल्यासारखा डाग दिसला की त्या यंत्राचे दिवस भरत आले, हे ओळखायला पुस्तक लागत नाही. पण तो डाग का पडला आणि पडू नये म्हणून लेपात काय बदलायचं, हे ठरवायला ज्याने पातं ओतलं तोच लागतो.

इथे कावेरीचं नाव निघतं. बेंगळुरूच्या जीटीआरई प्रयोगशाळेचं हे विमानाचं इंजिन, 1989 मध्ये मंजूर झालेलं. तेजस या लढाऊ विमानापर्यंत ते पोचलं नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या गाभ्यापासून नौदलासाठी एक आवृत्ती तयार झाली होती आणि तिने विशाखापट्टणमच्या आयएनएस एक्सिला या किनाऱ्यावरच्या तळातल्या चाचणी मंचावर 12 मेगावॉट देऊन दाखवले, हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. मला ही छोटी गोष्ट वाटत नाही. पण 12 मेगावॉटची जागा नव्या जहाजांवर राहिलीच नव्हती. नव्या जहाजांना साधारण दुप्पट शक्ती हवी होती, आणि जुन्या जहाजांत नवं, न चाललेलं इंजिन बसवायची जोखीम कुठला कॅप्टन स्वतःहून घेईल? मीही घेतली नसती. मंचावरचे तास आणि समुद्रातले तास यांच्यामधला पूल बांधायला एखादं जुनं जहाज चाचणीसाठी वेगळं काढावं लागतं. आपल्याकडे जहाजांचीच चणचण. असं जहाज कधी निघालंच नाही.

दुसरी अडचण संख्येची. जरा हिशेब करा. एलएम 2500 आपण कुठे कुठे वापरलं? शिवालिक वर्गाच्या 3 फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौका, प्रत्येकी दोन. विक्रांत, चार. नव्या निलगिरी वर्गाच्या 7 फ्रिगेट, प्रत्येकी दोन. बेरीज 24. शिवालिक 2010 मध्ये दाखल झाली आणि निलगिरी जानेवारी 2025 मध्ये. म्हणजे पंधरा-वीस वर्षांत दोन डझन टर्बाइन्स. दुसरीकडे कोलकाता आणि विशाखापट्टणम वर्गाच्या 7 विनाशिकांवर प्रत्येकी चार, म्हणजे 28, पण ती युक्रेनच्या झोर्या-माशप्रोएक्त कंपनीची. आधीच तुटपुंजी असलेली मागणी आपण दोन घराण्यांत वाटली. या आकड्यांवर कुठला उद्योजक पाती ओतायची भट्टी उभारील?

दोन घराणी ठेवण्यामागे कारण नव्हतं असं नाही. युक्रेनचं टर्बाइन उलटं फिरवता येतं, त्यामुळे प्रोपेलरच्या पात्यांचा कोन बदलणारी गुंतागुंतीची यंत्रणा न लावताही जहाज मागे घेता येतं. अमेरिकन टर्बाइन एकाच दिशेने फिरतं, म्हणून त्याला कोन बदलणारा प्रोपेलर लागतो. शिवाय एकाने हात वर केले तर दुसरा असावा, हाही विचार. आणि दोघांनीही कधी ना कधी हात वर केलेच. 2009 मध्ये अमेरिकेत नवं सरकार आलं, त्याने लष्करी व्यवहारांचा फेरविचार सुरू केला आणि जीईला शिवालिकच्या टर्बाइनचं काम थांबवायला सांगितलं. यंत्र जहाजात बसलेलं, कंपनीचे लोक मात्र हजर नाहीत. काही काळाने परवानगी आली, पण तोवर वेळ गेलाच. झोर्याचा कारखाना ज्या मिकोलाइव शहरात आहे त्याच्यावर फेब्रुवारी 2022 नंतर बॉम्ब पडले. त्याच्या आधीचा किस्सा तर आणखी विचित्र. रशियात आपल्यासाठी बांधायच्या फ्रिगेटना युक्रेनची टर्बाइन्स हवी होती, आणि 2014 नंतर युक्रेन ती रशियाला देईना. मग भारताने ती स्वतः विकत घेऊन रशियाच्या गोदीत पोचवली. तीच आयएनएस तुशील, डिसेंबर 2024 मध्ये कॅलिनिनग्राडला दाखल झालेली. दोन भांडणाऱ्या शेजाऱ्यांच्या मधून आपण आपलं इंजिन काढून आणलं. मुत्सद्देगिरी म्हणून कौतुक करा हवं तर, इंजिनिअर म्हणून मला ती वेळ पुन्हा यायला नको आहे.

इंजिनाच्या पलीकडची एक वस्तू मात्र आपल्याकडे होते आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही: गिअरबॉक्स. 3,600 फेऱ्यांचं टर्बाइन थेट प्रोपेलरला जोडता येत नाही. प्रोपेलर इतका वेगात फिरला तर पाण्यात बुडबुडे उठतील, आवाज होईल, पातीही खराब होतील. शाफ्टला मिनिटाला शे-दोनशे फेरे पुरतात. मधला फरक दोन पुरुष उंचीच्या दातेरी चाकांनी मोडायचा. दाताला दात लागतो तो क्षण दर सेकंदाला शेकडो-हजारो वेळा येतो, आणि प्रत्येक वेळी एक छोटा ठोका सांगाड्यातून पाण्यात जातो. पाणबुडीचा सोनार, म्हणजे पाण्यातले आवाज टिपणारं यंत्र, नेमका तोच ठोका शोधत असतो. दाताचा आकार केसापेक्षा कमी अंतराने चुकला तरी जहाज स्वतःचं नाव पुकारत जाऊ लागतं.

पाणबुडीविरोधी कमोर्टा वर्गाच्या कॉर्व्हेट, म्हणजे फ्रिगेटहून लहान युद्धनौका, बांधल्या तेव्हा यावर वेगळा इलाज केला. 2014 मध्ये दाखल झालेल्या कमोर्टामध्ये डिझेल इंजिनं आणि गिअरबॉक्स एका सामाईक तराफ्यावर बसवले आणि तो तराफा रबरी पायांवर तोलला. पिठाच्या गिरणीखाली रबर घालतात, तत्त्व तेच, फक्त गिरणी काही मेगावॉटची. गिअरबॉक्सचं काम फ्रेंच तंत्रसाहाय्याने वालचंदनगर इंडस्ट्रीजने केलं. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर म्हटलं की लोकांना साखर आठवते. तिथून इस्रोच्या रॉकेटची आवरणंही जातात आणि युद्धनौकांचे गिअरबॉक्सही. विक्रांतचे गिअरबॉक्स गुजरातच्या एलेकॉनचे. गिअर कापायची यंत्रं, उष्णता देऊन धातू कडक करायचं शास्त्र, दाताचं मोजमाप, हे सगळं साखर कारखाने, सिमेंट, वीजनिर्मिती यांच्यासाठी देशात आधीच होतं. नौदलाला त्यावर शेवटचा मजला चढवायचा होता. टर्बाइनच्या पात्यांना असा तळमजलाच मिळाला नाही, कारण आपल्याकडे प्रवासी विमानांच्या इंजिनांचा उद्योग नाही.

आता उलट उदाहरण, माझं आवडतं. सोनार.

9 डिसेंबर 1971 ला दीवजवळ आयएनएस खुक्री पाकिस्तानच्या हंगोर या पाणबुडीने बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजासोबत गेले. खुक्रीचा ब्रिटिश सोनार जवळचंच ऐकू शकत होता, हंगोर त्याच्याहून लांबून ऐकत होती. युद्धानंतर या सोनारची ताकद वाढवायचं काम एका तरुण नौदल अधिकाऱ्याकडे आलं: आरोग्यस्वामी पॉलराज. खडकवासल्याच्या एनडीएतून आलेला, लोणावळ्याला नौदलाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला, मग आयआयटी दिल्लीत सिग्नल प्रोसेसिंगवर डॉक्टरेट केलेला माणूस. जुन्या सोनारचं यंत्र तेच ठेवून त्यांच्या गटाने आत येणाऱ्या आवाजावरची प्रक्रिया बदलली आणि पल्ला वाढवला. त्यानंतर कोचीच्या एनपीओएल प्रयोगशाळेत एप्सो हा संपूर्ण सोनार त्यांच्या नेतृत्वाखाली झाला आणि 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला जहाजांवर बसला. पुढचा हम्सा त्याच वंशातला. पॉलराज नंतर स्टॅनफर्डला गेले आणि एकाच वेळी अनेक अँटेनांनी संदेश पाठवण्याची त्यांची कल्पना आज तुमच्या वायफायमध्ये आणि मोबाइलमध्ये आहे. मायमो म्हणतात ती हीच. त्यांना 2010 मध्ये पद्मभूषण आणि 2014 मध्ये मार्कोनी पारितोषिक मिळालं.

सोनार का जमला आणि इंजिन का नाही? सगळं श्रेय एका हुशार माणसाला देऊन हात झटकता येत नाहीत. एक, सोनारचा जीव गणितात आहे, आणि गणित बदलायला भट्टी लागत नाही. दोन, पन्नास संच विकले काय आणि पाच विकले काय, इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्याचं त्यावाचून अडत नाही, भारत इलेक्ट्रॉनिक्सकडे रडारचं आणि इतर काम असतंच. तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं: आपला समुद्र वेगळा आहे. उन्हाने वरचं पाणी तापतं, खाली एकदम गार थर लागतो, आणि गार पाण्यात आवाजाचा वेग कमी असल्याने ध्वनी खाली वाकतो. दुपारी तर सकाळी ऐकू येणारं जहाजही हरवतं. थराखाली बसलेली पाणबुडी वरच्या जहाजाला जवळपास अदृश्य असते. उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यासाठी केलेला सोनार इथे बोथट पडतो, आणि ते दुरुस्त करण्यात विक्रेत्याला रस नसतो. अरबी समुद्राचं पाणी ज्याला माहीत आहे त्यानेच ते करायचं. सोनार वापरणारा आणि बनवणारा इथे एकाच नौदलात होते. जहाजावरून तक्रार आली की ती कोचीत त्याच माणसाच्या टेबलावर पडत होती. इंजिनाची तक्रार समुद्रापार जाते आणि उत्तर म्हणून नवा भाग येतो, कारण येत नाही.

समुद्र वेगळा असण्याचं महत्त्व इंजिनातही आहे, आणि तो धडा ब्रिटिशांनी महाग मोजून शिकला. त्यांच्या टाइप 45 विनाशिकांवर डब्ल्यूआर 21 हे नवं, इंधन वाचवणारं टर्बाइन बसवलं, वीज बनवून मोटरने प्रोपेलर फिरवायचा. कागदावर उत्तम. आखाताच्या उष्ण हवेत टर्बाइनची ताकद अपेक्षेपेक्षा जास्त घसरली, उष्णता परत वापरणारा भाग रुसला, टर्बाइन बंद पडलं की उरलेल्या डिझेल जनरेटरांवर सगळा भार येई आणि जहाज अंधारात. आता ती जहाजं कापून आतली दोन डिझेल जनरेटर काढून तीन मोठी बसवत आहेत. हे सांगतो कारण नोव्हेंबर 2024 मध्ये भारताने ब्रिटनशी विद्युत प्रणोदनाबाबत, म्हणजे अशाच विजेच्या मोटरने जहाज चालवण्याबाबत, इरादापत्रावर सही केली आहे. पुढची मोठी जहाजं त्या पद्धतीने चालावीत असा विचार आहे, आणि तो विचार बरोबर आहे. लेझर, मोठी रडारं यांना वीज लागणारच. पण ब्रिटिशांचं यश मागण्याआधी त्यांच्या अपयशाच्या फायली मागाव्यात, असं मी तरी म्हणेन. आपल्याकडे समुद्राचं पाणी 30 अंशांवर असतं, चाचणी त्या पाण्यात झाली पाहिजे.

सध्या काय चाललंय त्यातल्या दोनच गोष्टींकडे लक्ष ठेवा असं सांगेन, आणि दोन्ही आपल्या परिसरातल्या आहेत.

अंबरनाथला नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा आहे, एनएमआरएल. तिथे पाणबुडीसाठी इंधन घट बनवला आहे. साध्या डिझेल-विद्युत पाणबुडीला बॅटरी भरायला दर काही दिवसांनी पृष्ठभागाजवळ येऊन डिझेल इंजिन चालवावं लागतं, आणि तेव्हाच ती सापडते. इंधन घटात हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून शांतपणे वीज होते. जर्मन पाणबुड्या हायड्रोजन धातूच्या टाक्यांत साठवून नेतात, अंबरनाथच्या पद्धतीत तो आतच, सोडियम बोरोहायड्राइडपासून, लागेल तेवढा तयार होतो, म्हणजे हायड्रोजनचा साठा सोबत बाळगायला नको. घट फॉस्फरिक आम्लाचे, जुन्या पठडीतले, पण दणकट. जमिनीवरच्या नमुन्याची चाचणी मार्च 2021 मध्ये झाली. लार्सन अँड टुब्रो आणि पुण्याची थरमॅक्स त्यात सोबत होत्या. डिसेंबर 2024 मध्ये माझगाव डॉकशी सुमारे 1,990 कोटींचा करार झाला. कलवरी वर्गाची पाणबुडी मधोमध कापून त्यात हा नवा तुकडा घालायचा आणि पुन्हा जोडायची. दाब सहन करणारा सांगाडा कापून जोडणं हे प्रयोगशाळेतल्या रसायनापेक्षा कमी अवघड नाही. वेळापत्रक घसरलेलं आहे, आणखी घसरलं तर मला नवल वाटणार नाही. पण इथे निदान सगळी साखळी आपली आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते, आणि ती ऐकायला अगदीच साधी आहे: 6 मेगावॉटचं डिझेल इंजिन. एप्रिल 2025 मध्ये नौदलाने पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सला ते घडवण्याची मंजुरी दिली. खर्च 270 कोटी, त्यातले 70 टक्के सरकार देणार. नमुन्यात निदान 50 टक्के भाग स्वदेशी असावेत ही अट, आणि त्याच कामातून 3 ते 10 मेगावॉटच्या टप्प्यातल्या इंजिनांचा आराखडाही. गॅस टर्बाइनची शान याला नाही. पण मोजा: गस्ती जहाजं, सर्वेक्षण जहाजं, कॉर्व्हेट, फ्रिगेटचं सावकाश चालण्याचं इंजिन, तटरक्षक दलाचा ताफा. टर्बाइनच्या दोन डझनांपुढे ही मागणी शेकड्यात जाऊ शकते. आणि पैसे चाचणीच्या टप्प्यापासूनच सरकार घालतं आहे, जी गोष्ट कावेरीच्या वेळी समुद्रापर्यंत पोचली नाही. अडेल ते क्रँकशाफ्टच्या मोठ्या फोर्जिंगवर, टर्बोचार्जरवर आणि इंधन फवारण्याच्या पंपावर. यातला शेवटचा सगळ्यांत चिवट. बातमीत "नमुना तयार" असं आलं तर टाळ्या वाजवू नका, मंचावर किती तास सलग चालला आणि त्यानंतर कुठल्या जहाजावर चढवला, एवढंच विचारा.

आता जोडप्रश्न. नौदलात जावं का? इंजिन डिझाइन करायचं असेल तर नौदल ती जागा नव्हे, त्यासाठी जीटीआरई किंवा एखादी इंजिन कंपनी गाठा. चालणारं यंत्र कसं बिघडतं आणि समुद्रात, सुटे भाग नसताना, ते परत कसं उभं करायचं हे शिकायचं असेल तर यापेक्षा चांगली शाळा नाही. बी.टेक. नंतर एसएसबी, म्हणजे सैन्यदलांची निवड मुलाखत, देऊन इंजिनिअरिंग शाखेत थेट येता येतं आणि पुढचं शिक्षण लोणावळ्याला होतं. तोवर कॉलेजात ऐच्छिक विषय निवडायचे असतील तर ट्रायबॉलॉजी (घर्षण आणि झिजेचं शास्त्र), उच्च तापमानातलं धातुशास्त्र आणि कंपनशास्त्र हे तीन घ्या, सीएफडीच्या, म्हणजे संगणकावर काढलेल्या प्रवाहाच्या, रंगीत चित्रांच्या मागे सगळं वर्ष घालवू नका. आणि जमलं तर एक उन्हाळा कुठल्याही कारखान्यात इंजिनाच्या टेस्ट बेडवर काढा. रात्रपाळी मागून घ्या, कारण लांब पल्ल्याच्या चाचण्या रात्रभर चालतात आणि तेव्हाच वरिष्ठांना शिकवायला वेळ असतो.